'लेकी बोले सुने लागे' इंग्रजीत कसे म्हणाल?



'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सासू ओरडते आपल्या लेकीवर, "अगं, पाहुणे जाऊन तास झाला, भांडी अजून तशीच!" आणि आतल्या खोलीत बसलेल्या सुनेला बरोबर कळते की ही भांडी आपल्या वाट्याची आहेत. सासूने सुनेचे नाव घेतलेले नाही. उद्या सुनेने विचारलेच, तर "मी तुला कुठे काय म्हटलं?" असे म्हणायला ती मोकळी. बोलणाऱ्याचे काम होते आणि बोलल्याची जबाबदारी अंगावर येत नाही, अशी ही सोय आहे.

इंग्रजीत या प्रकाराला नेमके एक क्रियापद नाही. मात्र आडून बोलण्याची, आडून ऐकण्याची सात-आठ क्रियापदे आहेत. हिंट, सजेस्ट, इम्प्लाय, इन्फर, अल्यूड, इन्सिन्युएट, इंटिमेट. खिशातला इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडावा तर यातल्या बऱ्याच शब्दांपुढे 'सुचविणे' हा एकच अर्थ दिलेला असतो. मुलगा तोच पाठ करतो आणि परीक्षेत एकाच्या जागी दुसरा शब्द लिहितो. तिथे एखादा गुण जातो, तेवढ्यावर भागते. परंतु वडिलांच्या हातात साहेबाचा मेमो पडला आणि त्याचे उत्तर इंग्रजीतून द्यायचे झाले, की चुकलेला शब्द नोकरीच्या फायलीत जाऊन बसतो. म्हणून या खेपेस आम्ही या शब्दांच्या घराण्याकडे वळलो आहोत.

सर्वात मोठा गोंधळ इम्प्लाय आणि इन्फर या जोडीचा आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

समजा, कारखान्यात साहेब चारचौघांत म्हणाले, "गेल्या महिन्यापासून स्टोअरमधली हत्यारे कमी होत आहेत. आणि रात्रपाळीला तर चारच माणसे असतात." दोन्ही वाक्ये खरी असतील. साहेबांनी कुणाला चोर म्हटलेले नाही. पण दोन वाक्ये शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी तिसरे वाक्य न बोलता ठेवून दिले. हे ठेवून देणे म्हणजे इम्प्लाय. आणि ऐकणाऱ्याने "म्हणजे या चौघांपैकीच कुणीतरी" असे जे मनाशी ठरविले, ते इन्फर. इम्प्लाय बोलणारा करतो, इन्फर ऐकणारा करतो. देणारा एक, घेणारा दुसरा. उसने देणे आणि उसने घेणे यांत जेवढा फरक, तेवढाच येथे आहे.

शब्दांचे मूळ पाहिले की हे डोक्यात पक्के बसते. इम्प्लाय हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ आत दुमडणे. आई लुगड्याच्या घडीत दहाची नोट ठेवते, तसा अर्थ वाक्याच्या घडीत ठेवलेला. इन्फरचे मूळ आहे आत वाहून आणणे. ऐकणारा आपल्या डोक्याने तो अर्थ आणतो. आता यात एक मेख आहे. घडीत नोट नसतानाही एखादा "होती" म्हणू शकतो! म्हणजे बोलणाऱ्याने जे इम्प्लाय केलेच नाही, तेही ऐकणारा इन्फर करू शकतो. भांडणे बहुधा इथेच लागतात.

मेमोचे उदाहरण घ्या. साहेब लिहितात, "युवर रिप्लाय इम्प्लाइज दॅट यू न्यू अबाउट द शॉर्टेज." तुमच्या उत्तरातून असे निघते की तूट तुम्हाला माहीत होती. आता कामगार बंधूने घाईत "आय डिड नॉट इन्फर दॅट" असे लिहून दिले तर काय होईल? त्याचा अर्थ होतो, "मी तसा निष्कर्ष काढला नव्हता." साहेबांचा मुद्दा जिथल्या तिथे राहिला आणि आपण आपल्याच मनाविषयी काहीतरी भलते सांगून बसलो. लिहायला हवे ते असे : "माय रिप्लाय डज नॉट इम्प्लाय धिस. नो सच इन्फरन्स कॅन बी ड्रॉन फ्रॉम इट." माझ्या उत्तरात तसे काही नाही, आणि त्यातून तसा निष्कर्ष काढता येत नाही. दोन छोटी वाक्ये, दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी. अर्थात सत्य तसे असेल तरच.

इंग्रजांचाही या जोडीत गोंधळ होतो, हेही सांगून टाकतो. सोळाव्या शतकातला इंग्रज लेखक थॉमस मोर याने १५२८ साली हे दोन्ही शब्द आजच्या अर्थांनी वापरले, आणि पाचच वर्षांनी इन्फर हा शब्द जवळजवळ इम्प्लायच्या अर्थाने वापरला. तेव्हापासूनचा हा घोळ आहे. पण त्याच्या आधारावर आपल्या मुलांनी सूट घेऊ नये. परीक्षकाच्या हातात लाल पेन असते.

बँकेच्या व इतर नोकऱ्यांच्या परीक्षांत उतारा देऊन प्रश्न विचारतात. "व्हॉट डज द रायटर इम्प्लाय?" किंवा "व्हॉट कॅन बी इन्फर्ड फ्रॉम द पॅसेज?" हे दोन्ही प्रश्न एकाच घडीची दोन टोके आहेत. उत्तर उताऱ्यात शब्दशः सापडणार नाही, म्हणून मुले घाबरतात आणि आपल्या सामान्यज्ञानातून उत्तर आणतात. तेही चूकच. उत्तर उताऱ्याच्या घडीतूनच निघाले पाहिजे, बाहेरून आणलेले चालत नाही. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, एवढेच म्हणावे. अग्नी कुणी लावला ते धूर सांगत नाही. हे धुराचे उदाहरण आपल्याच देशातल्या जुन्या तर्कशास्त्राचे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी ज्ञानाची दोनच साधने मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. त्यातले अनुमान म्हणजेच इंग्रजीतला इन्फरन्स. तेव्हा हा शब्द वाटतो तितका परका नाही.

इम्प्लाय शब्दाला कायद्यातही मान आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ९ मध्ये वचनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. शब्दांत दिलेले ते एक्स्प्रेस, शब्दांशिवाय दिलेले ते इम्प्लाइड. तुम्ही बेस्टच्या बसमध्ये चढलात. कंडक्टरशी काही बोलणे झाले नाही. तरी चढण्यातच "मी भाडे देईन" हे वचन दुमडलेले आहे. उतरताना "मी कुठे कबूल केले होते?" असे म्हणता येत नाही. सासूबाईंना घरात जी पळवाट मिळते, ती बसमध्ये मिळत नाही!

आता सजेस्ट. हा शब्द सगळ्यांना येतो असे वाटते आणि म्हणूनच तो जास्त फसवितो. याचा दोष थोडा आपल्या मराठीकडेही जातो. आपल्याकडे 'सूचना' हा एकच शब्द दोन कामांना जुंपलेला आहे. कचेरीच्या भिंतीवर सूचना फलक असतो आणि त्याच्याच शेजारी सूचना पेटी असते. फलकावरची सूचना वरून खाली येते, ती पाळावीच लागते. पेटीतली सूचना खालून वर जाते, ती कुणी वाचली तर वाचली. इंग्रजीत फलकावरची ती नोटीस किंवा इन्स्ट्रक्शन, आणि पेटीतली तेवढी सजेशन. "मी साहेबांना सूचना केली" याचे इंग्रजी करताना "आय इन्स्ट्रक्टेड द ऑफिसर" लिहिले तर साहेबांचे डोळे पांढरे होतील.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. वरच्या माणसाने "आय सजेस्ट यू टेक टू डेज लीव्ह" असे म्हटले, तर शब्द सल्ल्याचा असला तरी वजन हुकमाचे असू शकते. इंग्रजी सभ्यतेत वरिष्ठ पुष्कळदा हुकूम सल्ल्याच्या कपड्यात घालून देतात. पाळला नाही तर "मी तर आधीच सांगितले होते" हे ऐकावे लागते.

वाक्यरचनेची एक चूक इतकी रुळली आहे की तीच बरोबर वाटू लागली आहे. "प्लीज सजेस्ट मी अ गुड बुक" किंवा "ही सजेस्टेड मी टु गो" अशी वाक्ये आपण सर्रास ऐकतो. सजेस्टला टेल किंवा आस्कप्रमाणे माणूस थेट चिकटत नाही. "ही सजेस्टेड दॅट आय गो" किंवा "ही सजेस्टेड गोइंग" असे म्हणावे. पुस्तकाचे हवे असेल तर "सजेस्ट अ गुड बुक टु मी", नाहीतर सरळ "रेकमेंड अ गुड बुक".

कोर्टात मात्र सजेशन हा शब्द निराळ्याच थाटाने वावरतो. उलटतपासणीत विरुद्ध बाजूचा वकील साक्षीदाराला विचारतो, "मी असे म्हणतो की त्या वेळी तुम्ही तिथे नव्हताच." हा साक्षीदाराच्या मनातले काढून घेण्याचा प्रश्न नव्हे. वकील आपल्या पक्षाचे म्हणणे त्याच्यापुढे ठेवतो. यालाच सजेशन देणे म्हणतात. मराठीतल्या जबानीत मग "हे म्हणणे खरे नाही की..." अशी वाक्यामागून वाक्ये उतरविलेली दिसतात. साक्षीदाराने सजेशन नाकारले तर निव्वळ वकिलाने म्हटले म्हणून तो पुरावा होत नाही. पण साक्षीला गेलेली आपली माणसे पुष्कळदा वकिलाच्या चढ्या आवाजाला बिचकून गप्प राहतात किंवा नुसती मान हलवितात. तसे करू नये. खरे नसेल तर "हे खरे नाही" असे स्वच्छ शब्दांत सांगावे. गप्प राहिल्यास त्यातून पुढे इन्फरन्स काढायला जागा राहते.

हिंट हे या घराण्यातले सर्वात साधे आणि घरगुती लेकरू. इंग्रजीत हिंट 'ड्रॉप' करतात, म्हणजे सहज हातून पडल्यासारखी टाकतात, आणि समोरचा ती 'टेक' करतो, म्हणजे उचलतो. मुलगी दुकानासमोर उभी राहून "ते निळे दप्तर छान आहे नाही?" म्हणते, ती हिंट. वडिलांनी दप्तर घेतले तर त्यांनी हिंट घेतली. पुढच्या दुकानापाशी गेले तर घेतली नाही, किंवा घेऊनही खिशाकडे पाहिले. हिंटमध्ये कपट असावेच लागत नाही. येथे इशारा शब्द मात्र सांभाळून वापरावा. हिंदीत इशारा म्हणजे खूण, सूचन. मराठीत तो कधीच ताकीद होऊन बसला आहे. आपल्या वर्तमानपत्रातला 'संपाचा इशारा' ही हिंट नव्हे, ती वॉर्निंग.

अल्यूड म्हणजे नाव न घेता उल्लेख करणे. नाव घेतले की तो रेफर झाला. आपल्या आज्या-पणज्या नवऱ्याचे नाव घेत नसत. 'आमचे हे', 'बाळूचे बाबा', 'घरातली माणसे' असे म्हणत. हे सगळे अल्यूड. लग्नात उखाणा घालून नाव घेतले, की तो रेफर! दोन्ही शब्दांपुढे 'टु' येतो, तो विसरू नये. यापेक्षा जास्त येथे सांगण्यासारखे नाही.

आता या घराण्यातला दुष्ट भाऊ, इन्सिन्युएट. याच्या मुळाशी वळण, वाकडा बाक असा अर्थ आहे. वळणे घेत आत शिरणे. इम्प्लायमध्ये चांगले-वाईट दोन्ही मावते. "तुझ्या हाताला चव आहे" हेही कुणी इम्प्लाय करू शकतो. आकडे, कागद, मौन, धूर हेसुद्धा काही इम्प्लाय करू शकतात. इन्सिन्युएट मात्र माणसालाच करता येते आणि ते नेहमी वाईटच असते. समोरच्यावर आळ घ्यायचा, पण हात स्वच्छ ठेवायचे. आपला टोमणा याच्या जवळ आहे, पण टोमण्यात नुसती बोच असते. यात आरोप असतो.

याचे सर्वात सुंदर उदाहरण एखाद्या गोष्टीच्या पुस्तकात नसून कायद्याच्या पुस्तकात आहे. भारतीय दंड संहिता, १८६० याच्या कलम ४९९ मध्ये बदनामीची उदाहरणे दिली होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हा मजकूर तिच्या कलम ३५६ मध्ये गेला. उदाहरण असे की, एकजण दुसऱ्याविषयी म्हणतो, तो प्रामाणिक माणूस आहे, त्याने अमक्याचे घड्याळ मुळीच चोरलेले नाही. आणि म्हणताना हेतू असा की ऐकणाऱ्यांनी त्यालाच चोर समजावे. शब्द सगळे स्तुतीचे, तरी ही बदनामी ठरते. पुढचे उदाहरण याहून बोलके आहे. घड्याळ कुणी चोरले असे विचारल्यावर माणूस तोंडातून शब्द न काढता दुसऱ्याकडे बोट दाखवितो. तीही बदनामी. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी होऊ शकतो, असे स्पष्टीकरण तिथेच आहे. कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत, ते वकिलाकडून समजून घ्यावेत. सांगायचे एवढेच की "मी तर त्याला प्रामाणिक म्हटले" ही ढाल कायद्यापुढे नेहमी चालत नाही.

नोकरीतल्या चौकशीलाही हे लागू पडते. रेल्वे सेवकांचे शिस्त व अपील नियम १९६८ चे आहेत, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे १९७९ चे. दोन्हींत दोषारोप 'डेफिनिट अँड डिस्टिंक्ट' असावा असे शब्द आहेत. म्हणजे निश्चित आणि वेगवेगळा मांडलेला. "याचे वर्तन संशयास्पद वाटते, याच्या पाळीतच असे प्रकार घडतात" हे इन्सिन्युएशन झाले, दोषारोप नव्हे. त्याला उत्तर काय देणार? कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, काय केले, हे आधी विचारावे. तसे विचारण्याचा आधार नियमातच आहे. मात्र उत्तरात "युअर लेटर इन्सिन्युएट्स" असे लिहिण्याची घाई करू नये. हा शब्द लिहिला की आपण साहेबांच्या हेतूवरच आरोप करतो, आणि मग मूळ मुद्दा राहून भाषेवरूनच दुसरा मेमो येतो. तिथे इम्प्लाय लिहावा. अर्थ पोहोचतो आणि हात भाजत नाही.

कागदावरचे झाले. तोंडी टोमण्यांचे काय? कचेरीत, कॉलेजात आपल्या मुलामुलींना जे ऐकावे लागते ते बहुधा नाव न घेता म्हटलेले असते. "काही लोकांना सगळं सहज मिळतं बुवा." "तुझं आडनाव काय म्हणालास? अच्छा, अच्छा." त्या दुसऱ्या 'अच्छा'मध्ये काय दुमडलेले असते, ते आम्ही येथे उलगडून सांगायला नको. यावर मूग गिळून बसणे किंवा एकदम भडकणे, दोन्ही बोलणाऱ्याच्या सोयीचे. गप्प बसलो तर टोमणा पचला. भडकलो तर "मी कुठे तुला म्हटलं?" हे उत्तर तयार असतेच.

इंग्रजीत अशा वेळी एक लहानसा प्रश्न वापरतात, तो आमच्या तरुणांनी पाठ करावा असे आम्हाला वाटते. "व्हॉट आर यू सजेस्टिंग?" तुम्हाला काय सुचवायचे आहे? आवाज न चढविता, चेहऱ्याकडे पाहून. त्याहून एक पायरी वर, "आर यू इम्प्लाइंग दॅट आय डिड नॉट अर्न धिस?" हे मी मिळविलेले नाही, असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? या प्रश्नाने घडी त्याच्याच हातात परत जाते. आता त्याने एकतर ती सर्वांसमोर उलगडावी, नाहीतर "नाही, तसे नाही" म्हणून परत खिशात घालावी. पुष्कळजण परत घालतात. जो उलगडतो, तो निदान स्वतःच्या शब्दाला बांधला जातो, आणि ऐकणारे साक्षीला असतात. "आर यू इन्सिन्युएटिंग?" हा तिसरा प्रश्नही आहे, पण तो सरळ आरोप आहे. तो शेवटी ठेवावा.

उरला इंटिमेट. याची गंमत अशी की तो आपल्या देशात आडून बोलतच नाही. "काइंडली इंटिमेट एनी चेंज ऑफ ॲड्रेस" असे बँकेचे, पतपेढीचे पत्र येते. पत्ता बदलल्यास कळवावे, इतका सरळ अर्थ. लॅटिनमध्ये मूळ अर्थ जाहीर करणे, कळविणे असाच होता. स्कॉटलंडच्या कायद्याच्या भाषेत आणि आपल्या सरकारी इंग्रजीत तो टिकून आहे. इंग्लंडच्या सर्वसाधारण बोलण्यात मात्र हा शब्द हळू आवाजात, नाजूकपणे सूचित करण्यासाठी वापरतात. तेव्हा परदेशी राहणाऱ्या भावाला इंग्रजीतून पत्र लिहिताना सरळ इन्फॉर्म लिहावे. उच्चारही सांभाळावा. क्रियापद असेल तर शेवटी लांब 'मेट' म्हणावे. जवळचा, घनिष्ठ या अर्थाचे विशेषण असेल तर शेवट आखूड, 'मट' असा. अक्षरे दोन्हींची एकच.

आता मुलामुलींसाठी नेहमीप्रमाणे थोडा अभ्यास. खालील प्रसंगी कोणते क्रियापद योग्य होईल ते वहीत लिहा. भाषणात पुढाऱ्याने नाव न घेता शेजारच्या वॉर्डातल्या नगरसेवकाचा उल्लेख केला. पगाराच्या चिठ्ठीवरून ताईने ताडले की कपात दोनदा झाली आहे. सभेत एकजण म्हणाला, "या महिन्यात तरी खजिनदारांनी हिशेब बरोबर दिला बरं का!" आत्याने दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पाहुणे चपला शोधू लागले. या शेवटच्या वाक्यात आत्याचे क्रियापद वेगळे आणि पाहुण्यांचे वेगळे आहे, दोन्ही लिहावीत. उत्तरे पुढील अंकी.